खिळ्यावरचा कोयता

लाहू आणि प्रविण टीव्हीतल्या शेतात उतरले तेव्हा शेजारच्या टीव्हीवर काळ्याने एकाचं मुंडकं धडावेगळं केलं होतं. रक्ताचा फवारा काचेवर उडून ओघळला आणि बाकावरच्या मंडळींनी खूश होऊन मांड्यांवर थापा मारल्या. मेलेला गडी पुढच्या फेरीत पुन्हा धडधाकट उभा राहिला. काळ्याने त्याच्या छातीत हात घालून बरगडी उपटली आणि त्याच बरगडीने त्याला भोसकला. हे सगळं करता करता तो शेजारच्याला सांगत होता की चहा मागव, आणि आलं जरा जास्त घालायला लाव.

दिपक टेबलामागे बसून वडापाव खात होता. काळ्याच्या टीव्हीकडे पाठ करून बसायची त्याने सवयच लावून घेतली होती, नाहीतर घास घशाखाली उतरत नसे. तलासरी नाक्यावरच्या त्या गाळ्यात दोन टीव्ही होते, दोन मशिनं होती आणि दोनच गेम चालायचे. एकाला लोक फाइट म्हणत, दुसऱ्याला शेती. फाइटमध्ये फाडायचं, शेतीत पेरायचं. या दोन खेळांवर दिपकचा इतका विचार झालेला होता की कोणी चुकून विषय काढला तर अर्धा तास सुटका नसे. फाइटने माणसाचं रक्त तापतं, डोकं फिरतं, घरी जाऊन तो बायकोवर हात टाकतो. शेतीने माणूस थंड होतो, त्याला सबुरी येते. हे त्याचं मत होतं आणि ते त्याने गाळ्यातही मांडून ठेवलं होतं. शेतीचा टीव्ही पंख्याखाली, वर गणपतीचा फोटो. फाइटचा टीव्ही संडासाच्या भिंतीला.

स्वतः दिपकचा शेतीशी संबंध काहीच नव्हता. तो वरोरच्या मच्छीमाराचा मुलगा. बोटीवर चढला की ओकायचा, म्हणून बापाने वैतागून त्याला डहाणूला टीव्ही दुरुस्ती शिकायला धाडला. पुढे लोक टीव्ही दुरुस्त करायचे सोडून नवेच घेऊ लागले, तेव्हा त्याने तलासरीत हा गाळा घेतला. समुद्र सोडून आलेला हा माणूस दुसऱ्याच्या भाताची लोंबी टीव्हीवर डोलताना पाहून हरखून जायचा. सुषमा, त्याची बायको, यावरून त्याची भरपूर थट्टा करी.

गाळ्याच्या दाराबाहेर भिंतीत लांब खिळे ठोकलेले होते. दुसरीकडे चपला काढतात तसे इथे कोयते काढून अडकवायचे. रानावाडीत राबणाऱ्या माणसाच्या कमरेला इकडे लाकडी आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयता. गवत कापता कापता, लाकडं तोडता तोडता माणूस नाक्यावर येतो तो कोयत्यासकट. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. पण एकदा काळ्या लागोपाठ हरला आणि तिरीमिरीत त्याने कोयता उपसून टेबलावर हाणला. टेबलाची कड उडाली. दुसऱ्या दिवशी खिळे ठोकले गेले.

नियम मात्र त्याने फक्त फाइटवाल्यांना लावला. शेतीवाल्यांना कशाला, असं त्याचं म्हणणं. कमरेची दोरी सोडा, परत बांधा, एवढा खटाटोप त्या गरीब माणसांनी का करावा? सुषमाने तेव्हाच त्याला सांगितलं होतं की नियम करायचा तर सगळ्यांना कर.

"शेतकऱ्याच्या कमरेला कोयता नाही तर काय कंगवा असणार?" असं म्हणून तो स्वतःच हसला होता.

लाहू आणि प्रविण हे तर त्याचे लाडके. चुलत भाऊ, पण एका ताटात जेवलेले. लाहूचे आईबाप लहानपणीच गेले. त्याला वाढवलं प्रविणच्या आईने, बारकीने. लाहू कैनाडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला जायचा, प्रविण कंपनीत पॅकिंगला. सुट्टीच्या दिवशी दोघं दुपारी यायचे आणि एकाच शेतात दोन कंट्रोलर घेऊन राबायचे. ते शेत त्यांनी मनाला येईल तसं केलं नव्हतं. त्यांची खरी वडिलोपार्जित जमीन नव्या रस्त्याखाली गेली होती. हळूहळू, कित्येक सुट्ट्या खर्ची घालून, त्यांनी ती टीव्हीत परत उभी केली होती. विहीर तिथेच, बांधाला तसंच वळण, आणि वरच्या कोपऱ्यात आंबा. आंब्याखाली एक मोठा दगड आणून ठेवला होता, तो वाघोबा. पहिल्यांदा भात पिकलं तेव्हा लाहूने यंत्राला हात लावू दिला नाही. आधी त्या दगडापुढे आपला माणूस नेऊन उभा केला, मग कापणी. हे दिपकने नाक्यावरच्या प्रत्येकाला ऐकवलं.

त्या दुपारी भात पुन्हा पिकून पिवळं झालं होतं. लाहूने विहिरीकडून आपला माणूस वर आणला आणि तो थांबला. कोपऱ्यात आंबा नव्हता. बुंधा होता, आणि दगडाशेजारी लाल रंगाचं एक मोठं कापणीयंत्र उभं होतं.

"आंबा कुठं गेला?" लाहूने विचारलं.

प्रविण सहज बोलला की मधल्या एका सुट्टीच्या दिवशी तो एकटा येऊन गेला. हे मोठं यंत्र त्या कोपऱ्यात वळलं नसतं, मग आंबा तोडला. लाकूड विकलं, त्यातच यंत्र आलं. पाहिजे तर पलीकडे दुसरा लावू, वाढतो लगेच.

दिपकला नंतर हेच आठवत राहिलं, की लाहू ओरडला नाही, त्याने शिवी दिली नाही. फाइटवाले एवढ्यातेवढ्यावरून आयाबहिणी काढायचे. लाहूने कंट्रोलर टेबलावर नीट ठेवला, वायरसुद्धा बाजूला सारली.

"रस्त्याला जमीन द्यायला पयली सही तू केलीस," तो म्हणाला. "मी तवा पन काय बोललो नाय. आता दुसऱ्यांदा तोडलास."

"दादा, गेम हाय तो," प्रविण म्हणाला, आणि हसला.

ते हसू पुरं व्हायच्या आत लाहूचा हात मागे कमरेला गेला. आकडीतून कोयता निघाल्याचा आवाज दिपकने ऐकला. लाकडावर लोखंड घासल्याचा, रोजचा, ओळखीचा आवाज. प्रविणने डोकं वाचवायला दोन्ही हात वर केले. हातात कंट्रोलर होता. कोयता त्याच्यावर उतरला आणि काळं प्लास्टिक फुटून उडालं, त्याच्याबरोबर प्रविणचा उजवा अंगठा उडाला. पुढचा घाव मनगटावर बसला. रक्त टीव्हीवर, पिवळ्या भातावर जाऊन पडलं. प्रविणला क्षणभर कळलंच नाही. तो हाताकडे बघत राहिला आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो बोकड कापताना निघतो तसा होता.

दिपक टेबलावरून उडी मारून मध्ये पडला. तो शूर नव्हता, पण पडला. तिसरा घाव कोयत्याच्या उलट्या बाजूने त्याच्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी कडकन मोडलं. तो खाली कोसळला. लाहू वाकून पुन्हा हात उचलत होता. डोळे बघितले असते तर कोणी म्हणालं असतं की हा माणूस गवत कापतोय. तेवढ्यात मागून काळ्याने त्याला कवेत घेऊन भिंतीवर आपटला, त्याचा हात चौकटीवर ठेचत राहिला, ठेचत राहिला, कोयता सुटेपर्यंत. बरगड्या उपटणारा काळ्या. लाहूला खाली दाबून बसलेला तो लहान पोरासारखा रडत होता. मग त्याने आपला शर्ट काढून प्रविणच्या हाताला करकचून बांधला आणि दाराबाहेर जाऊन भडाभडा ओकला. त्याचा स्वतःचा कोयता खिळ्यावर होता.

प्रविणला सिल्वासाला नेलं. अंगठा शीतपेयाच्या बर्फात घालून मागोमाग धाडला, पण तो जुळला नाही. लाहूला पोलिसांनी नेलं, तेव्हा त्याने विचारलं फक्त एवढंच, की प्रविण जिवंत हाय का. मग तो गाडीत बसला.

दिपक खांदा बांधून दुसऱ्या दिवशी गाळ्यात रक्त धूत होता. एका हाताने पोछा पिळता येईना, म्हणून सुषमा पिळून देत होती. तेवढ्यात त्या दोघा भावांच्या पाड्यावरची माणसं आली. पुढे एक पुढारी, मागे काठ्या. पोरांना खून शिकवतोस काय, असं म्हणून पुढाऱ्याने संडासाच्या भिंतीकडे बोट केलं आणि काठ्या फाइटच्या टीव्हीवर पडल्या. काच फुटली, मशिन जमिनीवर आलं, त्याच्यावर दगड घातला गेला.

"तो नाय," दिपक म्हणाला. "त्यानं काय नाय केलं. शेतीवरनं झालं. हा बघा, हा टीव्ही."

लोक थांबले. पंख्याखालच्या टीव्हीकडे त्यांनी पाहिलं. वर गणपतीचा फोटो होता.

"शेतीवरनं कोन कोनाला कापतं?" पुढारी म्हणाला आणि त्याने दिपकच्या थोबाडीत दिली. आणखी कोणीतरी दिली. पुढचा एक दात ओठातून बाहेर आला. सुषमा मध्ये आली म्हणून लोक हटले. जाताना ते शेतीच्या टीव्हीची वायर ओलांडून गेले, कोणाचा पायसुद्धा लागला नाही. आणि त्या घोळक्यातल्या निम्म्या लोकांचे बांधावरून भावांशी दावे चालू होते, हे दिपकला ठाऊक होतं.

दात गेल्याचं त्याला दुःख नव्हतं. टीव्ही गेल्याचं होतं, पण तेही सहन झालं असतं. आपण इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत होतो ते साफ चुकीचं होतं, हे मात्र त्याला आतून खात होतं. काळ्याने हजार माणसं फाडली, आणि मेलेला पुढच्या फेरीत उठतो म्हणून फाडली. त्याचं त्या टीव्हीत काही नव्हतं, म्हणून तो हरला तरी चहा पिऊन घरी जायचा. या दोघांचं तिथे सगळं होतं. ज्यांच्या कमरेचे कोयते आधी काढून घ्यायला हवे होते त्यांना आपण पंख्याखाली बसवलं. हे तो सुषमाजवळ बोलला आणि रडला. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. वरोरला जाऊ या, एवढंच म्हणाली.

पावसाळा सरला. गाळा रिकामा करायचं ठरलं. उरलेलं मशिन डहाणूचा एकजण घेणार होता आणि संध्याकाळी न्यायला येणार होता. द्यायच्या आधी त्यातलं सगळं पुसायला हवं. दिपकने शटर अर्धं वर घेतलं आणि मशिन चालू केलं. पुसू का, असं पडद्यावर आलं. बटनावर बोट ठेवून तो तसाच बसला.

बाहेर कोणीतरी उभं होतं. शटरखालून फक्त पाय दिसत होते, अनवाणी, भेगाळलेले. मग खिळ्यावर काहीतरी अडकवल्याचा आवाज झाला आणि एक म्हातारी वाकून आत आली. बारकी, प्रविणची आई. डोक्यावरची लाकडाची मोळी तिने बाहेर उतरवली होती. दिपकला वाटलं ही आता शिव्या देणार, आणि त्याला ते बरंच वाटलं असतं.

"शेत यात हाय म्हनत्यात," ती म्हणाली. "मना दाखव."

दिपकने पुसायचं रद्द केलं आणि तिला पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं. शेत आलं. दोघांनी जसं सोडलं तसंच होतं. भात पिवळं, वाऱ्यावर डोलत. तो दुखऱ्या खांद्याने हळूहळू तिला फिरवू लागला. ती पुढे सरकून बघत होती आणि बोटाने दाखवत होती. ही हीर. हा बांध, इथं तिचा सासरा पडला होता. इथं पाणी तुंबायचं. वरच्या कोपऱ्याशी आल्यावर दिपकचा हात थांबला, पण तिने पुढे ने म्हणून खूण केली.

बुंधा दिसला. लाल यंत्र दिसलं, आणि दगड. बारकीने दगडाला हात जोडले. मग तिने बुंध्याकडे बोट केलं.

"खऱ्याचा तर बुंधा पन नाय ठेवला," ती म्हणाली.

दिपकने विचारलं की लाहूला भेटलात का. ती म्हणाली, ठाण्याच्या तुरुंगात जाऊन आली, तो वर बघत नाय. प्रविण घरीच असतो. कंपनीने परत घेतला नाही. हाताची मूठ वळत नाही. दोघं तिचेच, त्यामुळे कोणाची बाजू घेऊन रडावं हेही तिला कळत नव्हतं. हे तिने असं सांगितलं की दिपकला तिच्याकडे बघवेना.

"भात पिकलाय," तो उगाच म्हणाला. "कापू का?"

"ऱ्हाऊ दे. गळतो काय यात?"

"नाय. कापेपर्यंत असाच उभा राहतो."

"प्रविनला आता कोयता धरवत नाय. यात कोयता लागत नाय ना?"

"नाय, आई. नुसतं बटन दाबायचं."

"मंग ऱ्हाऊ दे त्याला," बारकी म्हणाली. "येल तो कवातरी. लाहू पन येल."

दिपकने मान हलवली. ते बटन उजव्या बाजूला असतं आणि उजव्या अंगठ्यानेच दाबावं लागतं, हे त्याने तिला सांगितलं नाही. डहाणूवाल्याचा फोन आला तो त्याने वाजू दिला. बारकी पदर सावरून भाताकडे बघत बसली होती. अर्ध्या शटरखालून ऊन आत आलं होतं आणि बाहेरच्या भिंतीवर इतक्या सगळ्या खिळ्यांमध्ये एकट्या तिचाच कोयता लटकत होता.