नागुबाईची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. अहमदपूरहून जळकोटकडे जाताना एका लहान गावाच्या एस.टी. थांब्याजवळ मी उभी आहे. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने कामे काढली, तेव्हा हा रस्ता झाला. टेकाडाची माती रस्त्यावर येऊ नये म्हणून मला रचले. दगड पुरुष फोडत, वाहत बहुतेक बाया. दुपारी त्या माझ्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत बसून कामावर वाटलेली सुकडी खात. धुरपताबाई आणि नागुबाई यांची जोडी होती. एकीने टोपले उचलायचे, दुसरीने डोक्यावर घ्यायचे. त्याच उन्हाळ्यात नागुबाईला ऊन लागले आणि कामावरच तिचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झाले.

पुढे मला गिलावा मिळाला आणि जाहिराती आल्या. बिडी, खत, जत्रेतल्या तंबूतला सिनेमा. त्या रंगवी अहमदपूरचा मन्मथ पेंटर. त्याची नटी पाहायला एस.टी.चे ड्रायव्हर गाडी हळू करत. लोक भिंतीचेही कौतुक करत, पण ते माझे नव्हते.

पेंटर लोकांचा एक नियम आहे. ज्याला भिंत हवी त्याने आधी चुन्याने 'राखीव' लिहून ठेवायचे. मग तिच्यावर दुसऱ्याने कुंचला लावायचा नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला. गावोगावच्या पाट्यांवरचे 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचे काम निघाले. सरपंच अमृतरावांनी ते मन्मथला मिळवून द्यायचे कबूल केले. त्याआधी माझ्यावर पुढाऱ्यांचे चेहरे आणि स्वागताचा मजकूर रंगवायला सांगितले. तो शिडी घेऊन आला, तर माझ्यावर वाकड्या अक्षरांत लिहिलेले होते, 'राकीव'.

"हे पेंटरनं लिव्हलेलं न्हाई," तो हसला. "कोणत्या पार्टीचं हाय?"

"बायांच्या पार्टीचं," थांब्यावर बसलेली धुरपताबाई म्हणाली.

"काय काढायचं मग, मावशी?"

"नागी काढ. ही भिंत वाहता वाहता गेली ती. तिचा एक फोटू न्हाई कुणाकडं. आम्ही मेल्यावर ती कशी दिसायची, कोण सांगंल?"

तेवढ्यात अमृतराव आले. "मन्मथ, पाट्यांचं काम पाहिजे का न्हाई तुला?"

"पाहिजे की, मालक. पण दुसऱ्याची राखीव मी मोडली तर माझी कोण पाळंल?"

"राखीव कुठं? राकीव हाय ते."

"तुमाला वाचता आलं न्हवं?" धुरपताबाई म्हणाली. "मग झालं."

पाट्यांचे काम उदगीरच्या पेंटरला गेले.

मन्मथने नागुबाई काढली. बाया जमल्या आणि हसत सुटल्या. त्याच्या हातून नटीच उतरली होती. लांब पापण्या, गालावर तीळ.

"अगं बया, नागी सिनेमात गेली आन् आपल्याला सांगितलं बी न्हाई," त्यांच्याबरोबर दगड वाहिलेली पंचशीला म्हणाली.

धुरपताबाई हसली नाही. "ही न्हाई ती," एवढेच बोलली.

त्याने पुसून पुन्हा काढले. पुन्हा तेच डोळे आले. त्याच्या हाताला दुसरे डोळे ठाऊक नव्हते. शेवटी त्याने कोळसा बायांपुढे धरला. "मला येईना. तुमी दावा."

रांगोळीपलीकडे त्यांनी कधी काही काढले नव्हते. पंचशीलाने कोळशाने हनुवटीची रेघ ओढली.

"एवढी रुंद? जात्यावानी?" दुसरीने विचारले.

"व्हतीच. तुझ्यापरीस बरी."

एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. तो डावा की उजवा, यावर भांडण झाले. कोळशाच्या रेघा पुसल्या गेल्या, पुन्हा ओढल्या गेल्या. हळूहळू त्या रेघांतून एक बाई दिसू लागली आणि मन्मथ मागून रंग भरत गेला.

चित्र पुरे झाले. धुरपताबाई माझ्याजवळ आली.

"उन्हात उभी केलीस रे तिला," ती म्हणाली. "डोक्यावर पदर दे."

मन्मथने पदर दिला.

त्यानंतर तो जाहिरातींकडे फारसा वळला नाही. पार मुदखेडकडच्या गावांतूनही त्याला बोलावणी आली. कुठेही गेला तरी तो आधी बसून विचारी, कुणाला काढायचे, आणि कोळसा गावाच्या हाती देई. आता तो थकला आहे. धुरपताबाई गेली, पंचशीलाही गेली. गिलाव्याला पोपडे आले आहेत. माझ्यावर बोअरवेलचे आणि शिकवण्यांचे कागद चिकटतात. ते ओढून काढताना रंगही निघतो.

मित्रांनो, कागद चिकटवायला दुसरी जागा मिळेल. ज्या डोळ्यांनी नागुबाईला पाहिले होते, ते मिटले. तिचा चेहरा आता फक्त माझ्याजवळ आहे. खळ लावण्याआधी, खाली कोण उभे आहे ते एकदा पाहत जा.