मधला प्रोसेसर

ज्यातलं माझ्या दिरांना कळत नाही, असं जगात काही नाही. मी नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटल्यावर भावोजींनी दोन दिवस व्हिडिओ पाहिले आणि निकाल दिला, "वहिनी, सोळा कोअरचा प्रोसेसर घ्या. पुन्हा बघायलाच नको." कोअर म्हणजे काम करणारे हात, असं त्यांनी सासूबाईंना समजावलं.

"एका पेटीला सोळा हात?" सासूबाई म्हणाल्या. "तुझे दोन तरी घरात कधी हलताना दिसतात का?"

मला मात्र हसू येत नव्हतं. मुलीच्या जन्मानंतर सुटलेली नोकरी, ती शाळेत जायला लागल्यावर आता पुन्हा हाताशी आली होती. दातांच्या दवाखान्याचे फोन घरून घ्यायचे. कॉम्प्युटरवरच बोलायचं, बोलता बोलता डॉक्टरांचं वेळापत्रक बघायचं, पेशंटची फाईल काढायची, नोंद करायची. पहिल्या चाचणीत आमच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. "एक मिनिट थांबता का?" असं मी तीनदा म्हणाले आणि पलीकडच्या बाईंनी फोन ठेवून दिला. मॅनेजरबाईंनी येत्या सोमवारची एकच संधी आणखी दिली होती. ती गेली की नोकरी गेली.

दुकानदाराने तीन कॉम्प्युटर मांडले. एक चार कोअरचा, एक सहाचा, एक सोळाचा. बाकी सगळं सारखं. मी चारच्या पुढे बसले. दवाखान्याने दिलेल्या लॉगिनने वेळापत्रक उघडलं, बंद केलं. फाईल उघडली, बंद केली. भावोजींना फोन लावून बघितला, ठेवला. सगळं सुरळीत! भावोजींनी तिथल्या तिथे पलटी मारली. "हाच घ्या. सोळा कोअर म्हणजे उगाच खिशाला भोक."

"अगं, पण तू सारखं बंद का करतेयस?" सासूबाईंनी विचारलं.

मी थबकले. एक उघडायचं तर दुसरं बंद करायचं, हा आमच्या जुन्या कॉम्प्युटरपुढचा घरचा नियम. मुलीलाही मीच शिकवलेला. बोटांना तेच वळण पडलं होतं.

"तिकडे पेशंटचा फोन ठेवून मग फाईल बघणार आहेस? सगळं एकदम उघड."

उघडलं. भावोजी दुकानाबाहेर जाऊन फोनवर बोलू लागले, तर चारवर त्यांचा आवाज तुटायला लागला आणि फाईल उघडता उघडेना. सहावर आवाज स्वच्छ, फाईल झटक्यात हजर. सोळावरही तेच, माझ्या कामाला तसूभर फरक नाही. शिवाय पडद्यावर चित्र दाखवायला सहावाल्याला वेगळं ग्राफिक्स कार्डही लागणार नव्हतं, असं दुकानदार म्हणाला.

"मधला द्या," मी म्हणाले, कुणालाही न विचारता. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सोमवारी पहिलाच फोन एका आजोबांचा. "बाई, दाढ ठणकतेय. मला ताटकळत ठेवू नका हो." माझा हात सवयीने वेळापत्रक बंद करायला निघाला. मी तो मागे घेतला. फाईल, वेळापत्रक, नोंद, सगळं समोर होतं आणि आजोबांचा आवाज खणखणीत येत होता.

"थांबायचं कशाला, आजोबा? आज चारलाच या."

मॅनेजरबाई तिकडून लाईनवर ऐकतच होत्या. "उद्यापासून रोज बसा," त्या म्हणाल्या. माझे डोळे भरून आले.

एवढ्यात मुलगी शाळेतून आली. पडद्यावरचा पसारा पाहून तिचे डोळेच मोठे झाले. "आई, किती उघडं ठेवलंयस! बंद करू?"

"नको गं," मी म्हणाले. "पुढचा फोन येतोय."