राहिलेला पैरा

यमुनाचा स्वभाव मुळातच 'आधी तुझं होऊ दे' असा. पंगतीत ती शेवटी बसायची, बसमध्ये सगळ्यांना चढू द्यायची आणि मग धारवाडपर्यंत उभ्यानं जायची. गावातल्या बायका तिच्या या स्वभावाचं तोंडभरून कौतुक करायच्या आणि कौतुक करता करताच तिच्या पुढं जाऊन बसायच्या.

अळणावरच्या अलीकडं, जंगलाला टेकून तिचं रान होतं. बांधापलीकडं हेमावतीचं. हेमावती वयानं लहान, यमुनाला अक्का म्हणायची. दोघींच्या चुली वेगळ्या असल्या तरी ताक, चटणी आणि घरातली गाऱ्हाणी रोज बांधावरून इकडून तिकडं जायची. एका पावसाळ्यात दोघींनी बरोबरच सागवानाची रोपं लावली. हेमावतीनं लावली, कारण तिचा नवरा मंजुनाथ म्हणाला लाव. यमुनाचं कारण वेगळं होतं.

यमुनाचा नवरा नागोजी हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात हातगाडा ओढायचा. जुन्या हुबळीत त्यानं एक खोली धरली होती. भात पिकवून घर चालत नाही, रान कुणाला तरी देऊन टाकू आणि तू इकडं ये, असं तो दरवेळी सांगायचा. यमुना एका पावसाळ्यात त्या खोलीत राहून आली होती. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत, आणि दिवसभर हाताला काम नाही. ती परत आली ती कानाला खडा लावूनच. शेवटी नवरा-बायकोत एक बोली झाली. नागोजी म्हणाला, "तिसऱ्या दसऱ्याला मी येतो. तुझी झाडं तुझ्या डोक्याच्या वर गेलेली असली तर गाडा सोडतो आणि घरला येतो. नाही गेली, तर घराला कुलूप लावून तू यायचं. पुन्हा रडायचं नाही."

"नाही रडत," यमुना म्हणाली.

ही बोली तिनं जगात एकाच माणसाला सांगितली. हेमावतीला.

आता सागवान हे मोठेपणी कितीही दांडगं झाड असलं तरी लहानपणी ते एकदम बावळट. गवत त्याच्या भोवती रिंगण धरतं, जमिनीतलं पाणी आधी आपण पितं, वरचं ऊनही आपणच घेतं, आणि रोप मधे पिवळं पडून उभं राहतं. मरत नाही, वाढतही नाही. पहिले दोन-तीन पावसाळे त्याच्या बुडाशी खुरपं घेऊन बसणारं कुणी तरी लागतं. एकदा पानं एकमेकांना भिडली आणि खाली सावली पडली की गवतच माघार घेतं. तोवर भांगलण चुकवून चालत नाही. आणि जंगलाच्या कडेचं ते गवत एकट्या बाईच्या खुरप्याला भीक घालत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेपर्यंत मागचं टोक पुन्हा गुडघाभर झालेलं असतं.

म्हणून दोघींनी पैरा धरला. पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. मजुरी द्यायची नाही आणि लिहूनही ठेवायचं नाही. तोंडचा शब्द. त्या भागात माणूस एक वेळ देवाचा नवस विसरेल, पैरा विसरत नाही.

"तुझं आधी होऊ दे," यमुना म्हणाली.

स्वभावच तो. कुणी मागितलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात दोघी मिळून आधी हेमावतीच्या रानात बसल्या. आधी म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा गवत कोवळं असतं आणि रोपं पाण्याला हपापलेली असतात. तिथलं आटपून यमुनाच्या रानात येईपर्यंत गवतानं आपलं काम उरकलेलं असायचं, तिथं जेमतेम चार दिवस बसणं व्हायचं आणि बाकीचा पैरा पुढं राहायचा. तरी यमुना खूश होती. दोघी समोरासमोर बसून खुरपायच्या, गाणी म्हणायच्या, नवऱ्यांच्या नकला करायच्या. मंजुनाथ घोरतो कसा, हे हेमावती इतकं हुबेहूब करून दाखवायची की यमुनाला खुरपं खाली ठेवावं लागायचं. अशाच एका दुपारी तिनं ती बोली सांगितली. हेमावतीनं मातीचे हात तसेच यमुनाच्या गुडघ्यावर ठेवले. म्हणाली, "अक्का, तुला हुबळीला जाऊ देते काय मी? मी हाय की."

दुसऱ्या पावसाळ्यातही तेच. "ह्या वर्षी पण माझं आधी उरकू या, पुढच्या वर्षी तुझं आधी," हेमावती म्हणाली. यमुनानं मान हलवली. दुसरा दसरा आला तेव्हा हेमावतीची झाडं पुरुषभर उंच होती. यमुनाची तिच्या छातीशी आली होती. एक पावसाळा नीट मिळाला असता तर ती सहज डोक्यावर गेली असती. यमुनाला खात्री होती, कारण आता पाळी तिची होती.

तिसऱ्या पावसाळ्यात हेमावतीच्या रानात सुपाएवढी पानं एकमेकांत गुंतली. खाली काळोखी सावली पडली आणि गवत उगवायचंच थांबलं. यमुना आनंदानं बघून आली. आपणही त्या सावलीचे वाटेकरी आहोत असं तिला वाटलं, आणि तसं वाटण्यात काही चूक नव्हती. मग ती हेमावतीच्या दारात गेली.

हेमावती तांदूळ निवडत होती.

"कधीपासून बसायचं?" यमुनानं विचारलं. "गवत घोट्याला आलंय बघ."

"ह्या आठवड्यात जमत नाही अक्का," हेमावती सुपातून मान वर न काढता म्हणाली. "सासूबाईंचं दुखायलंय."

पुढच्या आठवड्यात पाव्हणे होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिची स्वतःची कंबर धरली होती. श्रावण लागला. गवत गुडघ्याला आलं, मग मांडीला. यमुना पुन्हा गेली, तेव्हा हेमावती अंगणात उभ्या उभ्याच बोलली.

"खरं सांगू अक्का? माझ्या झाडांखाली आता तणच येत नाही. मला पैरा लागत नाही."

"तुला लागत नाही गं. पण माझा राहिलाय की."

"होय होय, ते हाय," हेमावती म्हणाली. "बघू की."

यमुना परत फिरली. वाटेत तिनं स्वतःचीच समजूत घातली. कंबर दुखत असेल, सासू करवादत असेल, माणसाला अडचणी असतात. मनात आलेला वाईट विचार तिनं झुरळ झटकावं तसा झटकला. दुसऱ्या बायका बोलवाव्यात तर सगळ्यांचे पैरे भाताच्या भांगलणीत बांधलेले. ऐन वेळी बांधलेला पैरा मोडून कोण येणार? मग ती एकटीच खुरपं घेऊन बसली. सकाळी बसायची ती दिवेलागणीला उठायची. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. मागं वळून बघावं तर काल काढलेलं गवत आज तिच्याकडं बघून डोलतंय. एकदा ती त्या गवतातच बसून रडली. बांधापलीकडं हेमावतीची झाडं सावलीत गार उभी होती, आणि त्यांच्या बुडाशी यमुनाच्या दोन पावसाळ्यांची मेहनत होती.

दसऱ्याला नागोजी आला. पिशवी ओट्यावर ठेवून तो सरळ रानात गेला. यमुना मागोमाग गेली. रानात नुसतं गवत होतं, पिवळं, तिच्या खांद्याएवढं. त्यानं हातानं गवत बाजूला केलं. रोप होतं. बारीक, वाकलेलं, गेल्या वर्षी होतं तेवढंच. त्यानं दुसरीकडं बघितलं, तिसरीकडं बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला.

"बोली ती बोली, यमुने," तो म्हणाला.

"होय," ती म्हणाली. रडायचं नाही असं ठरलेलं होतं.

परत येताना तो आपल्या नादात बोलत होता. "रान पडीक राहायचं नाही, एवढी काळजी नको. मंजुनाथला देतो. झाडं तोडणीला येईपर्यंत त्यानंच बघायचं. त्याच्या रानाला लागूनच हाय. श्रावणातच हुबळीला येऊन सांगून गेलाय तो. म्हणाला, तुमची झाडं काय दसऱ्यापर्यंत वर जात नाहीत, वहिनी तुमच्याकडं येतील, तेव्हा दुसऱ्याला देऊ नका, मला द्या."

यमुना वाटेतच थांबली.

"त्याला कुणी सांगितलं आपलं ठरलेलं?"

"मला काय माहीत? मला वाटलं तूच बोलली असशील."

ती बोललीच होती. मातीचे हात गुडघ्यावर ठेवणाऱ्या बाईजवळ बोलली होती. श्रावणात. म्हणजे सासूचं दुखणं, पाव्हणे, कंबर, सगळं एका दोऱ्यात ओवलेलं होतं, आणि तो दोरा यमुनानं स्वतःच वळून हेमावतीच्या हातात दिला होता. गवतानं केलं ते गवताच्या जातीला धरून केलं. त्याचा तिला राग नव्हता. पण हेमावतीनं केसानं गळा कापला. यमुना तिथंच बांधावर बसली.

संध्याकाळी बन्नी द्यायला गाव बाहेर पडलं. दसऱ्याला शमीची पानं हातात द्यायची, बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या असं कानडीत म्हणायचं, लहानानं मोठ्याच्या पाया पडायचं. वर्षभराचं भांडण असलं तरी त्या दिवशी बन्नी नको म्हणत नाहीत, ही तिकडची रीत. हेमावती नवी इरकल नेसून दारात आली.

"बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण, अक्का," ती म्हणाली आणि वाकून पाया पडली.

यमुनाच्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण ओट्यावर चार माणसं बसलेली, सण उभा, आणि जन्माची सवय आड आली. तिचा हात आपोआप पुढं गेला. पानं घेतली, पानं दिली. हेमावती मोकळा श्वास सोडून म्हणाली, "झाडांची काळजी करू नको. मी हाय की." त्याच शब्दांत.

हुबळीत वर्ष गेलं. खिडकीसमोर तीच भिंत होती. नागोजी सकाळी गाडा घेऊन दुर्गदबैलला जायचा, संध्याकाळी पाय चोळत यायचा. यमुना त्याच्यावर रागावली नाही. ती हेमावतीवर रागावली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या त्या हातावर, ज्यानं पानं घेतली होती. शेजारणी म्हणायच्या, ही बाई फार गरीब स्वभावाची. ते ऐकून आता तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पुढच्या दसऱ्याला दोघं गावी आली. कुलूप काढायचं, देवाला दिवा लावायचा, बन्नी द्यायची आणि शेवटच्या बसनं परत जायचं. बसथांब्यावरून घराकडं जाणारी वाट रानाच्या बांधावरूनच जाते. यमुनानं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि अर्थातच बघितलं.

रान लखलखीत होतं. गवताची काडी नाही, प्रत्येक झाडाला गोल आळं, माती भुसभुशीत. हेमावतीनं पैऱ्यानंच बायका बोलावल्या असाव्यात. आणि झाडं सरळ झाली होती. गवताखाली अडकून पडलेली ती रोपं एका मोकळ्या पावसात उसळून वर आली होती. त्यांना एवढंच हवं होतं.

यमुना आत शिरली आणि एका झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"बघा जरा," ती नागोजीला म्हणाली.

नागोजीनं पिशवी खाली ठेवली. तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला आणि तो तसाच खोडाकडं नेला. वर अजून हातभर झाड होतं.

"गेलं गं वर," तो म्हणाला. मग त्यानं पिशवी उचलली. बोलीचा दसरा मागच्या वर्षीच होऊन गेला होता, आणि रान आता तोडणीपर्यंत मंजुनाथकडं होतं.

संध्याकाळी हेमावती आली. इरकल गेल्या वर्षीचीच होती, हात मात्र खुरप्यानं घट्टे पडलेले. ओट्यावर शेजारपाजारची माणसं होतीच.

"बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण, अक्का," तिनं पानं पुढं केली.

यमुनानं हात पदराखाली घेतले. ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली. दसऱ्याची बन्नी नाकारणारी बाई त्या माणसांनी कधी पाहिली नव्हती, आणि ती यमुना असेल असं तर स्वप्नातही नव्हतं.

"माझा पैरा राहिलाय, हेमा," यमुना म्हणाली. आवाज चढला नाही. "दोन पावसाळे तुझ्या रानात बसले. तो आधी फेड. मग घेते तुझी बन्नी."

हेमावतीचे डोळे भरले. ते खोटं नव्हतं, पण त्यानं आता कुणाचं काही भागणार नव्हतं.  ती हळूच म्हणाली,

"आता कुठल्या रानात येऊ, अक्का?"

 यमुनानं पदराखालचे हात काढले नाहीत. नागोजीनं उठून दाराला कुलूप घातलं, किल्ली तिच्याकडं दिली, आणि दोघं बसथांब्याकडं चालायला लागली.