तुटकीची भुवई

"हा आईचा फोटो नाही," लेक म्हणाली.

फोटोमास्तर स्टुलावर उभा राहून भिंतीत खिळा ठोकत होता. एका हातात हातोडी, दातांत दुसरा खिळा, त्यामुळे त्याला लगेच बोलता येईना. त्याने खिळा तोंडातून काढला आणि सोफ्याला टेकवून ठेवलेल्या फ्रेमकडे पाहिलं. फोटो बायकोचाच होता. त्यानेच काढलेला, त्यानेच छापलेला, काचसुद्धा त्यानेच पुसलेली.

"मग कुणाचा आहे?"

"आईसारख्या दिसणाऱ्या कुणातरी बाईचा. तिची भुवई बघ ना, बाबा. मधे तुटलेली होती ती. ही तर अख्खी आहे."

तो स्टुलावरून उतरला. लहानपणी झोपाळ्याची कडी लागून बायकोची एक भुवई मधोमध फाटली होती. जखम भरली, पण तिथे परत केस काही उगवले नाहीत. हे त्याला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या जागेवर बोट ठेवून त्याने विचारलंसुद्धा होतं, दुखतं का गं. फोटोत मात्र भुवई सलग होती, दोन्हीकडे सारखी, एखाद्या पार्लरच्या जाहिरातीत शोभेल अशी.

पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. गिऱ्हाईक उठून गेलं की तो फोटो कॉम्प्युटरवर घेई आणि चेहरा साफ करी. चामखीळ घालव, पुरळ घालव, डोळ्यांखालचं काळं उजळ, भुवया सारख्या कर. कुणी सांगायची गरज नव्हती, हात आपोआप चाले. गिऱ्हाईक खूश होऊन जाई, आणि खूश झालेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं, हे त्याचं धंद्यातलं एकमेव तत्त्वज्ञान. साफ झालं की कॉम्प्युटर विचारी, जुना फोटो पुसून त्याच्या जागी हा ठेवू का? तो 'हो' दाबी. घरात अडगळ नको, तशी कॉम्प्युटरमध्येही नको.

बायकोलाही त्याने असंच साफ केलं होतं. दर वेळी, प्रत्येक फोटोत.

"मोबाइलमधले बघू," तो म्हणाला.

लेकीने मोबाइल काढला. त्यात आई होती, पण जाड काळ्या फ्रेमच्या चष्म्यातली, आणि चष्म्याची वरची कड बरोबर भुवयांवर बसलेली. चष्मा ती फक्त दोन ठिकाणी काढायची. नवऱ्याच्या स्टुडिओत, कारण काचेवर दिवे चमकतात, आणि स्वतःच्या कॅमेऱ्याला डोळा लावताना. तिथे ती कॅमेऱ्यामागे असायची, मग तिचा फोटो कोण काढणार?

"जाऊ दे," लेक म्हणाली. "तू बनवतोस ना चेहरे. मग एक खाच पाड. डावी होती की उजवी?"

"डावी," तो म्हणाला.

"मला उजवी वाटते. माझी वेणी घालताना ती मागे उभी असायची, मी आरशात बघायचे." लेकीने स्वतःच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं, मग डाव्या. "पण आरशात उलटं दिसतं ना? की नाही दिसत? बाबा, तू नीट आठव."

त्याने आठवून पाहिलं. काही आठवेना. लेकीने मावशीला फोन लावला. मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण, एका ताटात जेवलेली. ती म्हणाली, "अगं, तिच्या हनुवटीला लागलं होतं ना? का ते माझ्या?" आणि मग फोनवर रडायला लागली. लेकही रडायला लागली. फोटोमास्तर हातोडी घेऊन तसाच उभा राहिला.

त्याला रडू येत नव्हतं. बायको गेली त्या दिवसापासून आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, चावला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळं झालं होतं. लोक भेटायला आले, त्यांना त्याने पाणी दिलं, खुर्च्या दिल्या. एका भेटायला आलेल्या गृहस्थांना पासपोर्टचे फोटो हवे होते, तेही काढून दिले. माणूस खंबीर आहे, असं लोक बाहेर जाऊन म्हणाले. खंबीर कसला, त्याला काही लागतच नव्हतं. पण आता, हातोडी हातात असताना, त्याला एक गोष्ट स्वच्छ कळली. ज्या तोंडाकडे तो जन्मभर भिंगातून बघत आला, ते त्याला आठवत नव्हतं. आठवत होता तो त्याने बनवलेला चेहरा. आणि खाच चुकीच्या बाजूला पाडली, तर खरी बाई कायमची जाणार होती.

मग त्याला तुटकी आठवली.

बायकोला पक्ष्यांचं वेड. पक्षीही एकच, निळभुवया. पाठ हिरवी, पोट विटकरी, शेपटीची दोन लांब पिसं आणि त्यांच्या टोकाला पंख्यासारखे गोंडे. डोळ्यावर मात्र असा झळझळीत निळा पट्टा, की झाडीतही आधी तोच दिसावा. गावाबाहेरच्या मातीच्या खाणीत, उभ्या कड्यात बिळं करून हे पक्षी पिलं वाढवत, आणि पिलं उडाली की रानात निघून जात. नर-मादी सारखेच, सगळे एका साच्यातले. पण बायको त्यांना भुवईवरून ओळखायची. कुणाचा पट्टा रुंद, कुणाचा टोकाशी वाकडा. एकीचा मधोमध तुटलेला होता, एका बाजूचा. तिचं नाव तुटकी.

"अहो, अगदी माझ्यासारखी," बायको म्हणाली होती. "त्याच बाजूला."

गेल्या हंगामात तिने तुटकीचे फोटो वाचनालयात लावायला म्हणून त्याला छापायला दिले. त्याने छापले. प्रिंट हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. मग हसली. "हिलाही दुरुस्त केलंत?"

हात चालला होता. जित्याची खोड. जुने फोटो पुसून झाले होते, कॅमेऱ्याचं कार्डही त्याने नेहमीप्रमाणे रिकामं करून ठेवलं होतं. "असू दे," ती म्हणाली. "छान दिसतेय." आणि तिने ते फोटो वाचनालयात लावलेच नाहीत. तेव्हा त्याला वाटलं होतं, विसरली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोचा कॅमेरा घेऊन खाणीवर गेला. ते लांब भिंग त्याने कधी हातात धरलं नव्हतं. स्टुडिओत माणूस चार हातांच्या अंतरावर बसतो आणि सांगितलं की हनुवटी वर करतो. इथे पोकलेन घरघरत माती उकरत होता, ट्रक उभे होते, धूळ उडत होती. एका बाजूचा कडा तेवढा शाबूत होता.

पोकलेनवाला खाली उतरला. "मॅडमचा कॅमेरा ना हा? मॅडम नाही आल्या?"

"नाही."

"त्यांनी गेल्या वर्षीच दम दिलाय मला. या भिंतीला हात लावायचा नाही, दर वर्षी पिलं उडेपर्यंत. मालक ओरडतो, पण म्हटलं मालक परवडला, मॅडम नको." तो हसला. "पिलं उडतीलच आता एक-दोन दिवसांत. मग मी घेणार हं भिंत. तसं सांगा मॅडमना."

"सांगतो," फोटोमास्तर म्हणाला.

तो एका पालथ्या घमेल्यावर बसला. ऊन वर आलं. यंदा तुटकी आली असेल कशावरून? पक्षीच तो, मेलाही असेल. असं मनात आलं तरी काही वाटलं नाही. बूड तेवढं दुखत होतं.

मग एक निळभुवया आला आणि कड्यातून बाहेर आलेल्या मुळीवर बसला. शेपूट घड्याळाच्या लंबकासारखी इकडून तिकडे हलू लागली. भिंगात डावी बाजू दिसत होती. पट्टा अख्खा. म्हणजे उजवी तुटलेली असणार, त्याने ठरवलं. पण पक्षी मान वळवेना.

"मान थोडी इकडे," फोटोमास्तर हळूच म्हणाला. म्हणून गेल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. पक्ष्याने त्याला भीक घातली नाही. पुष्कळ वेळाने उडून पुन्हा बसला तो उजवी बाजू करून. तीही अख्खी. हा दुसराच कुणीतरी होता.

दुपार झाली. पोकलेन जेवणासाठी बंद झाला आणि एकदम शांत झालं. तेव्हा झाडीतून दुसरा पक्षी आला, चोचीत मोठा चतुर धरून. मुळीवर बसला, तो पाठमोरा. सरळ बिळात शिरला. बाहेर आला आणि बसला डावीकडे तोंड करून, डावी बाजू दाखवत. पट्टा अख्खा. फोटोमास्तर थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला काही न सांगता नुसता थांबला.

पक्ष्याने शेपूट हलवली, जागच्या जागी उडी मारली आणि वळला.

उजवी भुवई. डोळ्याच्या बरोबर वर निळा पट्टा संपत होता, मधे काळी फट होती, आणि मग पुन्हा निळा सुरू होत होता. तो बघतच राहिला. बटण दाबायचं त्याला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा त्याने इतक्या वेळा दाबलं, की नवरदेवाचेही त्याने इतके काढले नसतील.

तो निघाला तेव्हा पोकलेनवाल्याने डबा बंद करत विचारलं, "मिळाला का? मॅडमना आवडेल का?"

"मॅडम वारल्या," फोटोमास्तर म्हणाला. "थंडीत."

पोकलेनवाला डबा धरून उभा राहिला. मग त्या कड्याकडे बघत म्हणाला, "मग राहू दे अजून थोडे दिवस. मालकाला सांगतो मशीन बिघडलंय."

संध्याकाळी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून फोटोमास्तर कॉम्प्युटरपुढे बसला. लेक त्याच्या पाठीशी उभी होती. आधी त्याने तुटकीचा फोटो उघडला. हात सवयीने त्या फटीकडे गेला. त्याने तो उचलून मांडीवर ठेवला, आणि फोटो होता तसाच बंद केला.

मग बायकोचा फोटो उघडला. तिची उजवी भुवई पडद्यावर त्याच्या डाव्या हाताला होती. म्हणजे तो अगदीच खोटं बोलला नव्हता. समोर उभं राहून बघितलं की ती डावीकडेच दिसायची. इतकी वर्षं त्याने ती आपल्या बाजूने पाहिली होती, तिच्या बाजूने नाही.

चेहऱ्यातलं व्यंग घालवायला त्याला क्षण लागत नसे. घालायला वेळ लागला. एकेक केस त्याने पुसला, खालची कातडी थोडी फिकट केली, कडा जराशी ओबडधोबड ठेवली, जशी बोटाला लागायची तशी. लहानशीच फट. मग तो मागे सरकला.

पडद्यावरून त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. तो फोटो काढताना ती काय म्हणाली होती, तेही त्याला आठवलं. लवकर उरका, कुकर लावून आलेय.

"आई," लेक म्हणाली. बाहेरून आल्यावर दारातून हाक मारावी, तशी म्हणाली.

कॉम्प्युटरने नेहमीचा प्रश्न विचारला. जुना फोटो पुसून त्याच्या जागी हा ठेवू का?

"हो," फोटोमास्तर मोठ्याने म्हणाला. त्याचा आवाज फाटला, आणि मग त्याला रडू आलं.