ओळखीचा हात

प्रयोगशाळेच्या तळघरातल्या लांबट खोलीत चोवीस पांढरे उंदीर होते आणि चोवीसही त्यांची देखभाल करणाऱ्या मावशींच्या तळहातावर वाढलेले. भुसा बदलायला हात आत घातला की ते बोटांवर चढत. एकाचा कान लहानपणीच कुरतडला गेला होता. तो अर्धकान्या तर थेट बाहीत शिरायचा. त्याला बाहेर काढताना मावशी हळू आवाजात म्हणत:

नीज रे कापसाच्या बोंडा, तुला कशाची रे घाई,
हाताच्या या पाळण्याला दोरी लागत नाही.

महिन्यापूर्वी प्रयोग करणाऱ्या मॅडमनी दळलेल्या खाण्यात पावडर कालवली तेव्हा मावशींनी विचारलं होतं, “हे काय चाललंय?”

“झोपेचं औषध आहे, मावशी. सुखाने झोपतील. त्रास काही नाही.”

झोपलेही. पहिले काही दिवस कणकेचे गोळे ठेवावेत तसे पडून असत. दुसऱ्या आठवड्यात मात्र तेवढंच औषध खाऊन ते पिंजराभर पळू लागले. मावशींनीच ते आधी हेरलं.

“मॅडम, यांना आता चढत नाही. माझ्या जावेचं असंच झालं होतं. अर्ध्या गोळीवरून दोनवर आली, तरी पहाटेच्या आधी भांडायला तयार.”

मॅडम खूप हसल्या आणि औषध वाढवलं. “मग, तुमच्या जाऊबाई सुटल्या का त्यातून?”

“सुटली. डॉक्टरांनी पाव-पाव गोळी कमी करत सोडवली. एकदम तोडू नका, अंगावर येईल म्हणाले.”

मॅडमनी मान डोलावली. मावशींना बरं वाटलं होतं. आपलं बोलणं कोणी शिकलेलं माणूस इतकं मन लावून ऐकतं, म्हणून.

सोमवारी सकाळी पिंजऱ्यांत साधं खाणं पडलं, पावडरीविना. मंगळवारी मॅडमनी फाईल उघडली. “आज उचलायचं काम तुम्ही करा. तुमच्या हातात ते घाबरत नाहीत. शेपटीला धरून वर घ्यायचं आणि अलगद अर्धा वळसा द्यायचा. बस.”

मावशींनी पहिल्या पिंजऱ्यातला उचलला. ओठांवर नेहमीची ओळ होती. वळसा दिला मात्र, तो ताठ झाला. पाय मागे ताणले गेले, तोंड वाकडं झालं, आणि सगळं अंग आचके देऊ लागलं. मावशींनी घाईने त्याला भुशावर टेकवलं.

“तीन,” मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं.

दुसरा नुसताच ताठरला. “दोन.”

मावशींनी वाकून कागद पाहिला. रकाने छापील होते: एक थरथर, दोन ताठरणं, तीन आचके. कोपऱ्यात तारीख होती, पहिल्यांदा पावडर कालवली त्या दिवसाची.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“मावशी, हेच तर बघायचं होतं. औषध अंगवळणी पडलं की किती चढेनासं होतं, आणि तोडलं की किती आचके येतात.”

“मी जावेचं सांगत होते तेव्हाही?”

मॅडम पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. “आधी सांगितलं असतं तर तुमचा हात थरथरला असता. त्यांना ते कळतं. आकडे बिघडले असते.”

मावशी हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. बावीस अजून उरले होते.

“नको असेल तर मी उचलते,” मॅडम म्हणाल्या.

मॅडमची पकड मावशींनी पाहिली होती, चिमट्यासारखी.

“मीच उचलते. पण मोजून झाल्यावर औषध परत सुरू करायचं, आणि रोज थोडं थोडं कमी करत सोडवायचं.”

“बरं. संध्याकाळपासून देते.”

“लिहून द्या. त्याच कागदावर.”

मॅडमनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत मावशींनी त्यांच्याकडे काही लिहून मागितलं नव्हतं. मॅडमनी लिहिलं, खाली सही केली. मावशींनी ते दोनदा वाचलं.

मग खुंटीवरचे जाड चामडी हातमोजे काढले. इतकी वर्षं ते तिथेच लटकत होते, कडक पडलेले.

“ते कशाला? घाबरतील ना.”

“घाबरू देत.”

“मावशी, आकडे…”

“हात माझा आहे, मॅडम. त्याची ओळख यासाठी नाही.”

पुढचा पिंजरा अर्धकान्याचा होता. झाकण सरकताच तो धावत पुढे आला, चामड्याचा वास घेतला आणि थबकला. मग मागे मागे सरत कोपऱ्यात गेला. ओळ गळ्यापर्यंत आली होती. मावशींनी ती गिळली आणि मुकाट्याने मोज्याचा हात आत घातला.