बोस्त्यांवची कबुली

पेशव्यांच्या तोफखान्यात गोव्याकडचे काही ख्रिस्ती गोलंदाज होते. बोस्त्यांव त्यांतलाच एक. बायको इशाबेल बार्देशात सासू-सासऱ्यांपाशी आणि हा पुण्यात, नागझरीपलीकडच्या वस्तीत. परक्या बाईकडे त्यानं कधी वाकडी नजर टाकली नाही. पण एकटा असला की स्वतःच्याच हातानं अंगातली आग विझवायचा आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडलेला असायचा. हे पाप आहे, आणि ते पाद्र्यापुढे कबूल केल्याशिवाय रविवारच्या प्रार्थनेचा, मिस्सेचा, प्रसाद घ्यायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं.

कबुली म्हणजे तो शब्द तोंडानं उच्चारणं आलं. धडाडत्या तोफेपाशी न डगमगणाऱ्या या गड्याला तेवढं काही जमेना. रविवारी सगळे प्रसादाला पुढे सरकत, तेव्हा हा मागे भिंतीला टेकून उभा.

मूठभर लोकांची वस्ती ती. बोस्त्यांवनं येरवड्याला बाई ठेवलीय, अशी कुजबुज सुरू झाली आणि इशाबेलच्या भावाच्या, इनासच्या कानावर गेली. तोही तोफखान्यातच होता.

"भावोजी, कोण आहे ती?" त्यानं दारातच विचारलं.

"कोणी नाही."

"मग प्रसाद का घेत नाही?"

बाई ठेवल्याचा आळ बोस्त्यांवला सोसवत होता, खरं सांगवत नव्हतं.

"ठीक. इशाबेलला निरोप धाडतो," म्हणून इनास तरातरा निघून गेला.

इशाबेलच्या नावानं मात्र बोस्त्यांव हादरला. सकाळी उठून तो पाद्रीबाबांपुढे गुडघ्यांवर बसला आणि सगळं घडाघडा बोलून मोकळा झाला.

"पाप आहेच," म्हातारे पाद्रीबाबा म्हणाले. "पण देवाला ते आधीच ठाऊक होतं. त्याच्यापासून तोंड लपवत राहिलास, ते जास्त वाईट. बायको कुठे असते?"

"गावी. वडील म्हणतात, छावणीत सून कशाला?"

"तुझं लग्न तिच्याशी लागलंय की वडिलांशी? शुद्ध राहा म्हणजे बायकोपासून लांब राहा, असं नव्हे. प्रार्थना कर, आणि तिला घेऊन ये."

"आणि लोक येरवड्याच्या बाईची आवई उठवतायत, तिचं काय? ती खोटी आहे, हे लोकांना तुम्ही सांगाल?"

"कबुलीतलं मला कुणालाच सांगता येत नाही. ते तुझं तू निस्तर."

मग बोस्त्यांव थेट इनासकडे गेला आणि खरं काय ते सांगितलं. इनासचे कान लाल झाले.

"माझ्या बहिणीला उगाच रडवलं असतं मी," तो म्हणाला. "चला, मीही येतो. तुमच्या वडिलांशी मी बोलतो."

रजा मागायला गेले, तर जमादार हिंदुराव म्हणाले, "बायकोला आणायला रजा? आमच्याकडची माणसं बायकोपासून सुटायला मोहिमेवर येतात." पण रजा दिली.

बार्देशात वडील चार दिवस अबोला धरून बसले. इशाबेलनं मात्र पहिल्याच दिवशी गाठोडं बांधलं होतं. ती पुण्यात आली, तरी काही तोंडं म्हणतच राहिली, की येरवड्याच्या बाईला हाकलली वाटतं! इशाबेलनं ते हसून सोडून दिलं; वाटेतच नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं होतं.

पुढे लांबच्या मोहिमेत बोस्त्यांवचा पाय त्याच जुन्या सवयीकडे पुन्हा घसरला. परतल्यावर तो सरळ पाद्रीबाबांकडे गेला आणि न अडखळता सांगितलं.

"बरं. आणखी काही?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"नाही," बोस्त्यांव म्हणाला, आणि त्या रविवारी प्रसादाच्या रांगेत पुढे जाऊन उभा राहिला.