वाकून पाहायची हवा

भद्रावतीजवळच्या एका कोळसा खाणीत रात्री वीज गेली आणि हवा खेळवणारा मोठा पंखा बंद पडला. पहाटे तो पुन्हा सुरू झाला, पण मधल्या वेळात खाली काय साचलं असेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. सकाळच्या पाळीत ते पाहायचं काम खुशाल रामटेकेचं होतं. खुशाल सरदार होता. सरदार तपासणीचा दिवा घेऊन एकटा पुढे जातो, हवा पाहतो आणि ‘चला’ म्हणतो. तो म्हणेपर्यंत मागचे कोळसा भरणारे लोडर पाऊल टाकत नाहीत.

१९८४चा मार्च होता. आदल्या दिवाळीत शेजारच्या भागात छत कोसळलं, आणि दोन मृतदेह खुशालनेच बाहेर काढले. तेव्हापासून त्याला अंधारातच जाग यायची. जेवणाला चव नव्हती. मुलं जवळ आली की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. आणि छाती आवळून यायची. श्वास आत शिरायचा, पण पुरायचा नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला.

“फुप्फुसं स्वच्छ आहेत. हे मनातून येतंय,” ते म्हणाले. “असं झालं की हवा ओढायची धडपड करू नका. आधी श्वास सोडा, सावकाश. आणि पुन्हा या.”

तो पुन्हा गेला नाही. ‘मनातून’ हा शब्द त्याने बायकोलाही सांगितला नाही.

जानेवारीत एकदा हवा स्वच्छ असताना त्याने ‘बाहेर!’ अशी आरोळी ठोकली होती. सगळी पाळी धावत वर आली. सरदारांच्या वरचे ओव्हरमन, गुणवंतराव, यांनी तपासलं, काही नव्हतं. मग रोजची मस्करी सुरू झाली. “खुशालभाऊ, आज हवा हाये, का बाजारात गेली?”

त्यानंतर तो वाकेनासा झाला. मेलेली हवा, म्हणजे प्राणवायू संपलेली, जड असते, जमिनीलगत साचते; तिच्यात ज्योत मंदावते. ती ओळखायला दिवा तळाशी न्यावा लागतो आणि माणसाला दुमडावं लागतं. दुमडलं की त्याची छाती बंद व्हायची, आणि मागे माणसं बघत असायची. म्हणून तो दिवा छातीपाशी धरायचा, ज्योत पाहिल्यासारखं करायचा आणि ‘चला’ म्हणायचा. आजवर निभावलं होतं.

आज उताराच्या तोंडाशी तो थांबला. पुढची गल्ली खाली उतरत गेली होती. छाती आत्ताच आवळून आली होती, बोटांना मुंग्या आल्या होत्या. दिवा छातीपाशी होता. ज्योत सरळ.

“काऊन थांबला जी?” मागून पत्रू ओरडला. पत्रू सगळ्यांत जुना लोडर. “कोळशाचे टब रिकामे उभे हायेत.”

“चला,” खुशाल म्हणाला.

घमेली वाजली. पत्रू त्याच्या अंगावरून पुढे निघाला. उतारावर त्याचं पहिलं पाऊल पडलं तसा खुशालने त्याचा दंड धरला.

“थांब. मी पाह्यलंच नाई.”

“आता तर चला म्हणलं!”

“म्हणलं. पाह्यलं नाई.”

मागे कोणीतरी हसलं. “पुन्हा बाजारात गेली का?”

खुशाल एकटाच उतरला. गुडघे टेकले. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं, कानात ठोके वाजू लागले. आत ओढावं तितकं कमी पडत होतं. पळावं वाटलं. त्याने ओठ चंबूसारखे केले आणि श्वास सोडला. संपेस्तोवर सोडला. आत आपोआप थोडासा आला. पुन्हा सोडला. दिवा खाली सरकला.

कमरेशी ज्योत उभी होती. गुडघ्याशी ती आखडली. आणखी खाली नेताच लाल होऊन वातीला चिकटली.

त्याने दिवा वर घेतला. ज्योत उभी राहिली. त्याने तो पुन्हा खाली नेला, मागच्यांना दिसेल असा. यावेळी कोणी हसलं नाही.

“मांगं फिरा,” तो म्हणाला. “धावू नका.”

वरच्या जोडावर, दोन गल्ल्या मिळतात तिथे, ताज्या हवेत गुणवंतराव भेटले. खुशालने गल्लीचं सांगितलं. वाट बंद करायला त्यांनी तिथे तिघांना आडवी दांडी लावायला पाठवलं. “बरं पकडलंस रे.”

“साहेब, अजून एक हाये. दोन महिने झाले, मी खाली वाकलोच नाई. छाती आवळते माही. डॉक्टर म्हणते, भेवानं.”

गुणवंतराव जवळ सरकले. आवाज उतरवून म्हणाले, “हे काऊन सांगून राह्यला? कोणी विचारलं तुले?”

“आज वाकलो. उद्या वाकीन का, मले माहीत नाई. हे लोक मात्र माह्या शब्दावर उतरतीन.”

“सरदारी जाईन तुही. मग नोको म्हणू.”

“जाऊ द्या.”

गुणवंतरावांनी हात पुढे केला. “आन दिवा इकडं. दवाखान्यात जा. बरा झाला का मंग पाहू.”

खुशाल वर निघाला. मागे उभा राहून सगळं ऐकलेला पत्रू कोणी न सांगता बरोबर आला. चढण लांब होती. अर्ध्यावर खुशाल भिंतीला हात लावून वाकला आणि धापा टाकू लागला.

“भेवाची धाप हाये का?” पत्रूने विचारलं.

खुशालने नीट पाहिलं, स्वतःच्या आत. “नाई. चढावाची.”

“मले बी लागली,” पत्रू म्हणाला आणि शेजारी टेकला.